टॅब मुलांच्या हातात, अभ्यास कोणाच्या हातात?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवीला शिकवते. वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि पालक यंत्रमागावर किंवा विडीकामावर असतात. शाळेला देणगीतून स्मार्ट टीव्ही आणि थोडे टॅब मिळाले आहेत. मुले व्हिडिओ आवडीने पाहतात, टॅबवरची प्रश्नमंजूषा सोडवतात, किती गुण पडले ते एकमेकांना सांगतात आणि तिथेच सारे संपते. ‘बाई, आता काय करू?’ हा प्रश्न मात्र आजही दर दहा मिनिटांनी येतो. अभ्यास आपला आहे, असे मुलांना वाटावे यासाठी ही साधने कशी वापरावीत? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नातच अडचणीचे मूळ दिसते. काय पाहायचे, कोणते उदाहरण सोडवायचे आणि ते बरोबर आले की नाही, हे तिन्ही निर्णय आजही टीव्ही, टॅब किंवा आपण घेत आहात, मुलाच्या वाट्याला फक्त बोट लावणे येते. यातला एकेक निर्णय मुलाकडे सोपवत जाणे, हेच साधने आल्यानंतरचे खरे काम आहे, आणि त्यासाठी नवे ॲप लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्यावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा शिक्षकांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या, मोबाईलने टिपताच धड्याचा व्हिडिओ उघडणाऱ्या क्यूआर कोडचे नाव सर्वत्र झाले. त्या कोडचे मोल केवळ व्हिडिओपुरते आहे असे मला वाटत नाही. जे कळले नाही ते मुलाला कोणाचीही परवानगी न घेता मध्येच थांबवता येते, मागे नेता येते आणि पुन्हा ऐकता येते, ही त्यातली मोठी गोष्ट आहे. तोच व्हिडिओ टीव्हीवर साऱ्या वर्गाला एकदम दाखवला, की ही सोय नाहीशी होते. म्हणून टीव्ही विषयाची ओळख करून देण्यापुरता ठेवावा आणि समजून घेण्याचे काम टॅबवर, दोघादोघांच्या जोडीने होऊ द्यावे. चौघांत एक टॅब दिला तर तो बहुधा एकाच मुलाच्या हातात राहतो आणि बाकीचे तिघे प्रेक्षक होतात. टॅब कमी असतील तर अर्ध्या वर्गाला वहीचे काम देऊन पाळ्या लावणे अधिक चांगले.

प्रश्नमंजूषेत एक छोटा बदल करून पाहावा. उत्तर देण्यापूर्वी मुलाने वहीत प्रश्नाच्या क्रमांकापुढे ‘खात्री’, ‘शंका’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहायचा. समजा, ३/४ + १/२ या उदाहरणाचे उत्तर एका मुलीने ४/६ असे दिले आणि पुढे ‘खात्री’ लिहिले. टॅब तिला लाल फुली दाखवून पुढच्या प्रश्नाकडे नेईल. आपण मात्र तिला तिथेच थांबू द्यावे आणि चूक कुठे झाली ते न सांगता, हे उत्तर पाऊणपेक्षा मोठे आहे की लहान, एवढेच विचारावे. पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा होतात हे तिला बाजारातल्या व्यवहारातून ठाऊक असते, आणि आपली बेरीज पाऊणपेक्षाही लहान आली आहे हे दिसताच अंश-अंश, छेद-छेद मिळवण्याची चूक तिची तिलाच सापडते. मग ‘छेद वेगळे असताना बेरीज’ असे तिने स्वतः लिहावे आणि पुढची उदाहरणे स्वतःच निवडावीत. ‘खात्री’ असूनही चुकलेले प्रश्न कोणते, हे मुलाला नेमके सांगता येऊ लागले, की ‘आता काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीतच असते.

भाषेच्या तासाला टॅबमधील ध्वनिमुद्रणाची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मुलाने परिच्छेद वाचून मुद्रित करावा, पुस्तक समोर धरून स्वतःच ऐकावा आणि जिथे अडखळले तिथे पेन्सिलीने खूण करावी. वाक्य संपलेले नसताना केवळ ओळ संपली म्हणून थांबण्याची सवय अनेक मुलांना असते. आपण कितीदा सांगितले तरी ती जात नाही, पण स्वतःच्या आवाजात ऐकली की लगेच कानाला खटकते. दुसरे वाचन मुद्रित झाल्यावर पहिले पुसून टाकू नये, कारण दोन्ही ऐकून काय सुधारले हे त्यानेच सांगायचे आहे. ज्यांची घरची भाषा तेलुगू आहे त्यांना परिच्छेदाचा आशय आधी तेलुगूत आणि मग मराठीत मुद्रित करू द्यावा. आशय कळला नाही की मराठी शब्द सापडला नाही, हा फरक त्यातून मुलालाही कळतो आणि आपल्यालाही.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी आपण लिहिताच. त्याआधी मुलाने स्वतःविषयी दोन वाक्ये लिहावीत किंवा बोलून मुद्रित करावीत, आणि आपली नोंद त्यानंतर व्हावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकात मुलाचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांना स्थान आहेच. ‘मी हुशार आहे’ किंवा ‘माझे गणित कच्चे आहे’ अशी वाक्ये सुरुवातीला येतील. ‘कोणते उदाहरण पाहून असे वाटले?’ असे विचारत गेल्यास ती हळूहळू नेमकी होतात. या कामाला वेळ लागतो आणि पहिल्या सत्रात अभ्यासक्रम थोडा मागे पडल्यासारखे वाटेल. मुख्याध्यापकांना याची कल्पना आधीच देऊन ठेवावी.

मुलांची मुद्रणे शाळेच्या टॅबवरच राहावीत, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. अडखळलेले वाचन चारचौघांत गेले, तर ते मूल पुन्हा मोकळेपणाने वाचणार नाही. एखाद्या ॲपवर मुलांची नावे नोंदवावी लागत असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील १८ वर्षांखालील मुलांसाठीची पालक-संमतीची तरतूद लक्षात घेऊन हा विषय पालकसभेत मांडावा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मोबाईलवर अभ्यास करतो असे म्हणतो, पण मी स्वतः फार शिकलेलो नसल्याने तो खरेच अभ्यास करतो का, हे मला समजत नाही. काय करावे? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : त्याचा मोबाईल तपासत बसण्याऐवजी, जेवताना आज काय पाहिले ते आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगायला सांगा आणि जिथे कळणार नाही तिथे निःसंकोच विचारा. आपण शिकलेले नाही, ही इथे अडचण नाही. न कळणाऱ्या माणसाला समजावताना आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते. तो अडला तर रागावू नका. त्याने तो मुद्दा कागदावर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना स्वतः विचारावा.