टेम्सवर बोट: लॉकमध्ये बोट लटकते ती का?

प्रश्न : लेचलेडपासून लंडनपर्यंत टेम्स नदीतून बोटीने जाता येते म्हणतात. वाटेतल्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदातून) उतरताना बोट अडकते, ती कशामुळे?

उत्तर : येते. नदी ग्लॉस्टरशरमध्ये केंबलजवळ उगम पावते, पण उगमाशी बरेचदा ठणठणीत कोरडी असते. इंजिनाच्या बोटींचा मार्ग लेचलेडपासून धरायचा. रिचमंडचे धरून ४५ लॉक आहेत. ऑक्सफर्डचा ऑस्नी पूल पाण्यापासून जेमतेम २.३ मीटर उंच, त्यामुळे मोठ्या बोटी त्याच्या पुढे उगमाकडे जातच नाहीत.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. उतरताना भरलेल्या हौदात शिरा, इंजिन बंद करा, पुढचा-मागचा दोर काठावरच्या खुंट्याला एक वेढा देऊन टोक हातातच ठेवा. गाठ मारलीत की संपलं! पाणी खाली जातं, दोर ताणतो आणि बोट एका अंगाला लटकते. दुसरी चूक मागच्या टोकाची. वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला दगडी उंबरा असतो; पाणी असताना तो दिसत नाही. त्याची हद्द काठावर खुणेने दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे ठेवा, नाहीतर ते उंबऱ्यावर टेकतं, पुढचं टोक खाली जातं नि बोट बुडू शकते. तसं होताना दिसलं तर खालच्या दरवाजाकडच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा ताबडतोब बंद करायच्या.

लंडनमधल्या टेडिंग्टन लॉकच्या खाली भरती-ओहोटी सुरू होते. तिथे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. पावसानंतर लॉकवर लाल फलक (प्रवाह जोराचा असल्याचा इशारा) दिसला तर बोट बांधून ठेवलेली बरी.