डिलिव्हरीनंतरचं डोकं दुखणं, आणि ऐकून न घेणारे डॉक्टर

प्रश्न : डॉक्टर, बायकोची डिलिव्हरी होऊन सहा दिवस झाले, नॉर्मल झाली, बाळ मस्त आहे. पण परवापासून तिचं डोकं सारखं दुखतंय, गोळी घेतली की तासभर बरं वाटतं मग परत चालू. आई म्हणते झोप होत नाहीये म्हणून असणार. प्रेग्नन्सीत बीपी कधीच वाढलं नव्हतं. वाट बघू की दाखवू?
– नवा बाबा

उत्तर : दादा, तुम्हाला मेल आल्या आल्याच कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. वाट बघायची नाही, आधी बीपी मोजायचं. नऊ महिने नॉर्मल असलेलं बीपी डिलिव्हरीनंतर वाढू शकतं आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते सगळ्यात वर असतं, म्हणजे नेमकं बहुतेक जणी घरी आलेल्या असतात आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं तेव्हा. 140/90 किंवा त्याच्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, 160/110 च्या घरात गेलं तर इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे चमकत असेल, अंधुक दिसत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आकडा काहीही येवो, निघा. ह्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, तो डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, त्यात झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट नावाचं अगदी स्वस्त, जुनं औषध आहे, 2002 साली मॅगपाय नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला होता. पण ते हॉस्पिटलमध्ये पोचल्यावरच मिळतं ना.

आईंचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही, जागरणाने डोकं दुखतंच. फक्त जागरणामुळे दुखतंय हे ठरवायचं बीपी मोजून झाल्यावर.

आणि एक, हॉस्पिटलच्या दारात पहिलं वाक्य हेच बोला की डिलिव्हरी होऊन सहा दिवस झालेत. इमर्जन्सीतल्या डॉक्टरला बघून ते कळत नाही, तो साधी डोकेदुखी समजून गोळी देऊन घरी पाठवू शकतो.

प्रश्न : अमेरिकेत एवढा पैसा, एवढी मशिनं असूनही बाळंतपणात बायका मरतात आणि त्यात कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण खूप जास्त आहे असं वाचलं. हे गरिबीमुळेच ना?
– एक कॉलेज विद्यार्थिनी

उत्तर : गरिबी आहेच, पण तेवढ्याने हिशोब लागत नाही. तिथे कृष्णवर्णीय बाईचा गरोदरपणाशी संबंधित कारणाने मृत्यू होण्याचा धोका गोऱ्या बाईच्या सुमारे तिप्पट आहे, आणि पदवीधर कृष्णवर्णीय बायकांमधलं प्रमाणसुद्धा शाळा पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघालं. शिक्षणाने जर सुटका होत नसेल तर मग अडतंय कुठे? बऱ्याचदा ऐकून घेण्यात. सेरेना विल्यम्सचं उदाहरण घे, 2017 मध्ये सिझरनंतर तिला धाप लागली, तिला आधी फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली होती त्यामुळे तिला नेमकं माहीत होतं काय होतंय, तिने स्वतः सीटी स्कॅन आणि हेपरिन, म्हणजे रक्ताच्या गाठी होऊ न देणारं औषध, मागितलं, तरी नर्सला वाटलं औषधांमुळे ही गोंधळलीये. शेवटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गाठी निघाल्या. जगात नंबर एक राहिलेली टेनिस खेळाडू, तिलाही दोनदा सांगावं लागलं. जिच्याकडे नाव नाही, इन्शुरन्स नाही, ती किती वेळा सांगणार?

मला सगळ्यात जास्त चीड ह्याची येते की हे टळण्यासारखं असतं. 2017 ते 2019 मधल्या अशा मृत्यूंची तिथल्या 36 राज्यांतल्या समित्यांनी एकेक केस तपासली तर 80 टक्क्यांहून जास्त टाळता आले असते, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू डिलिव्हरीनंतर एक आठवडा ते एक वर्ष ह्या काळातले होते. आणि गरीब बायकांचा सरकारी विमा, मेडिकेड, कित्येक ठिकाणी 60 दिवसांतच संपायचा! 2022 पासून राज्यांना तो वर्षभर देता येतो, आता बहुतेक सगळी राज्यं देतात.

उपाय काय म्हणशील तर मला भरवसा मोजण्यावर आहे, कारण डॉक्टरच्या अंदाजात त्याचे पूर्वग्रह शिरतात, आकड्यात शिरायला जागा कमी. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 हॉस्पिटलांत ई-मोटिव्ह नावाची ट्रायल झाली, 2023 मध्ये निकाल आला. डिलिव्हरीनंतर जास्त रक्त जातंय का हे बघायला बाईच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त किती गेलं ते दिसतं, आणि ठरलेली रेषा ओलांडली की गर्भाशयाला मसाज, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदमच सुरू करायचं, एक करून बघू मग दुसरं असं नाही. नुसत्या नजरेने जिथे निम्म्याच केसेस लक्षात येत होत्या तिथे 90 टक्क्यांच्या वर यायला लागल्या, आणि गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. पिशवीला बाई कुठली, कोणाची, हे माहीत नसतं. कॅलिफोर्नियानेही 2006 नंतर हॉस्पिटलांना रक्त मोजायची, औषधांची ट्रॉली तयार ठेवायची शिस्त लावली आणि तिथलं मातामृत्यूचं प्रमाण काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं. पण खरं सांगू, वंशभेदाची दरी तिथेही बुजली नाही, म्हणजे मोजायचंही आणि ऐकायचंही.

प्रश्न : वहिनीला डिलिव्हरीनंतर त्रास होतोय, दाखवायला नेलं तर "होतं असं" म्हणून परत पाठवलं. मी नणंद, मी काय बोलणार डॉक्टरांपुढे?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुम्हीच बोला, ती दमलेली असते. "तिला बरं नाही" असं मोघम नको, कधीपासून, किती, आकडा काय ते सांगा. तासाभरात अख्खं पॅड भिजतंय, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतायत, ताप 100.4 च्या वर आहे, एकच पोटरी सुजून दुखतीये, छातीत दुखतंय, धाप लागतीये, ह्यातलं काहीही असेल तर "होतं असं" हे उत्तर घेऊन घरी यायचं नाही. सरळ विचारा, तुम्हाला काय वाटतंय आणि ते नाहीये हे कशावरून? तरी तपासणी नको म्हणाले तर शांतपणे म्हणा, मग ही तक्रार आणि तपासणीची गरज नाही असं केसपेपरवर लिहून द्या. लिहायची वेळ आली की बऱ्याचदा परत एकदा तपासलं जातं. नाहीच तर दुसरं हॉस्पिटल गाठा.

आणि तिचं मन कसं आहे तेही विचारा. अमेरिकेतल्या त्याच समित्यांना मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण मानसिक आजार सापडलं, त्यात आत्महत्या आणि नशेचे ओव्हरडोस दोन्ही आलं. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय असं ती म्हणाली तर तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि ज्यांचं बाळ गेलंय, मिसकॅरेज झालंय, त्यांच्याकडेही हे सगळं बघा, त्यांना तर बऱ्याचदा फॉलोअपलाही कोणी बोलवत नाही.