आजोबांचा एअरब्रश नक्की कुठल्या कंपनीचा?

प्रश्न : नमस्कार सर, माझे आजोबा मिरजेत एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे, म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट फोटोतला मागचा पसारा घालवायचा, चेहऱ्यावरचे डाग काढायचे, लग्नाच्या फोटोला रंग भरायचे असं सगळं. परवा माळा साफ करताना त्यांची काळी पेटी सापडली, आत निळी मखमल आणि पेनाएवढं चकचकीत हत्यार, वर बटण, बटणाच्या पुढे रंग टाकायला इवलीशी वाटी. पेटीच्या झाकणाआत काळबादेवीच्या एका दुकानाचं नाव आहे, बाबा म्हणतात तीच कंपनी. पण हत्यारावर झिजलेली अक्षरं आहेत, शेवटी 'ग्राफ' आणि खाली 'लंड' एवढंच लागतं आणि एक पाच आकडी नंबर. हे कुणी बनवलं आणि कधी?

उत्तर : ताई, हे हत्यार म्हणजे एअरब्रश, हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं. आधी बाबांना सांगा की काळबादेवीवाल्यांनी ते फक्त विकलं. पेटीवरचं नाव बघून कंपनी ठरवायची चूक नव्वद टक्के लोक करतात (मीही केलीय, एकदा दोन महिने भलत्याच नावामागे फिरलो). त्या काळी आर्ट मटेरियलची दुकानं बाहेरून माल आणायची आणि झाकणात आपलं लेबल चिकटवायची. खरं नाव धातूवर असतं, आणि ते तुम्ही अर्धं वाचलंच आहे.

उरलेली अक्षरं वाचायला ब्रासो, चिंच, लिंबू काहीही लावू नका हां, वरचा मुलामा पातळ असतो आणि अक्षरं त्याच्यातच कोरलेली असतात, एकदा घासली की गेलीच समजा. बोटावर थोडी टाल्कम पावडर घ्या, हलकेच फिरवा, जास्तीची फडक्याने पुसा, मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. खाचेत पावडर बसते आणि नाव वर येतं. माझा अंदाज 'एअरोग्राफ' आणि 'लंडन' असं निघेल.

आता एअरोग्राफची गंमत ऐका. हवेने रंग उडवायचं पहिलं यंत्र १८७०च्या दशकात अमेरिकेत आयोवामधल्या अबनर पीलर नावाच्या माणसाने केलं, पण ते ओबडधोबडच होतं. तुमच्या आजोबांच्या हातात होता तो पेनासारखा प्रकार चार्ल्स बर्डिकचा, आतल्या आत हवा आणि रंग मिसळणारा, बटण दाबलं की हवा, तेच बटण मागे ओढलं की रंग, जितकं ओढाल तितकी जाड रेघ. बर्डिक अमेरिकन, स्वतः वॉटरकलर करणारा. त्याचा ब्रश शिकागोच्या थेयर अँड चँडलर कंपनीने १८९३च्या जागतिक प्रदर्शनात मांडला, म्हणजे विवेकानंद ज्या वर्षी शिकागोत बोलले त्याच वर्षी, ती धर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. पुढे बर्डिक इंग्लंडला गेला आणि लंडनमध्ये त्याने एअरोग्राफ कंपनी काढली.

म्हणून खरा घोळ इथे होतो. शिकागोचा थेयर अँड चँडलर आणि लंडनचा एअरोग्राफ दोघांचं मूळ एकच डोकं, त्यामुळे नुसत्या फोटोवरून दोन्ही भाऊभाऊ दिसतात आणि विकणारे बिनधास्त एकाच्या जागी दुसरं नाव लावतात. तुम्ही वाटी बघा. शिकागोवाल्यांची वाटी सहसा बाजूला खोचलेली असते, धरून ओढली की निघून येते. तुमची बटणापुढे अंगातच आहे म्हणता, म्हणजे लंडनचाच धरायला हरकत नाही. बरं हे एअरोग्राफ नाव इतकं चाललं की मॅन रे नावाच्या चित्रकाराने १९१९च्या सुमारास एअरब्रशने केलेल्या चित्रांना सरळ 'एअरोग्राफ' म्हणायला सुरुवात केली.

कधीचा हे सांगायला मात्र पुन्हा अक्षरंच लागतील. नुसतं एअरोग्राफ आणि लंडन असेल तर जुना. सोबत 'डेव्हिलबिस' असेल तर नंतरचा, कारण ही कंपनी पुढे ओहायोतल्या टोलेडोच्या डेव्हिलबिसकडे गेली (हे डेव्हिलबिस मूळचे घशाचे डॉक्टर बरं का, घशात औषध फवारायचा स्प्रे बनवून त्यांनी सुरुवात केली, रंग नंतर आला). आणि 'सुपर ६३' असं काही (हे मॉडेलचं नाव) दिसलं तर १९६०च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. तो पाच आकडी नंबर बहुतेक सीरियल नंबर, त्यात वर्ष शोधत बसू नका.

आणखी एक, सुई आणि पुढचं नोझल यांच्यावरून काही ठरवू नका. रोज काम करणाऱ्या माणसाची सुई वाकते, नोझल चिरतं, मग जे मिळेल ते बसवतात, कधी कधी तर घड्याळजीकडून घासून घेतलेली सुई निघते. माझ्या मते तसं निघालं तर ते फेकून 'ओरिजिनल' बसवू नका, आजोबांनी किती काम केलं ते त्या सुईतच दिसतं.

प्रश्न : त्याच ताईंचा पुढचा प्रश्न, चालू करून बघू का? वाटीत पांढरा रंग वाळलाय.

उत्तर : बघा, पण घाई नको. रिटचिंगचा रंग बहुतेक पाण्यातलाच, त्यामुळे पुढचा भाग कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. थेट थिनरमध्ये बुडवू नका, आतले जुने चामड्याचे नाहीतर रबराचे वॉशर त्यात खराब होतात. मागची मूठ फिरवून काढली की सुई पकडणारी छोटी चकती दिसेल, ती सैल करून सुई सरळ मागे घ्या, टोक वाकलेलं वाटलं तर जोर लावू नका नाहीतर नोझल आतून ओरखडतं. आणि नोझलमध्ये टाचणी कधीच घालू नका, कधीच!

प्रश्न : माझ्याकडच्या एअरब्रशला बाजूला बारीकसं चाक आहे, हवा दिली की घूंऽऽ आवाज करतं. पेटंटचा आकडा वीस लाखाच्या थोडा खाली आहे. (वाचक, बेळगाव)

उत्तर : आवाज सांगितलात तिथेच ओळखला. शिकागोच्या पाशे कंपनीचा 'एबी', कंपनी जेन्स पाशे या नॉर्वेहून आलेल्या माणसाची. हवेने ते चाक फिरतं, चाकाने सुई झपाझप पुढेमागे होते, रंगातून बुडून बाहेर येते आणि दुसरी हवेची धार सुईवरचा रंग उडवून नेते, त्यामुळे केसाएवढी बारीक रेघ निघते. लावायला मात्र कटकट, पाच मिनिटं काम आणि पंधरा मिनिटं ट्यूनिंग. अमेरिकन पेटंटचे आकडे लक्षात ठेवा, दहा लाखावा १९११चा, वीस लाखावा १९३५चा, तीस लाखावा १९६१चा. म्हणजे तुमचं पेटंट १९३५च्या जरा आधीचं, पण हत्यार त्याच सालचं असं नाही हां, तोच आकडा पुढे कैक वर्षं छापत राहतात. सुई जिच्यात चालते ती पट्टी जागेवर आहे का तेवढं बघून कळवा.