दोन गाड्यांचं चार्जिंग राहू द्या, आधी आईंची पॉलिसी परत करा

सांगलीच्या गावभागातून एका दादांचं पत्र आलंय. वय ४३, कुपवाड एमआयडीसीत स्वतःचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट, वहिनी तासगावच्या शाळेत शिक्षिका. घरात ३०.२ युनिटच्या बॅटरीची नेक्सॉन ईव्ही आहे, ती दादा वापरतात, रोज २० किलोमीटर. वहिनी जुन्या पेट्रोल वॅगनआरने रोज ५० किलोमीटर जाऊन-येऊन करतात. वर्षभरात वहिनींसाठी ११ लाखांची दुसरी ईव्ही घ्यायचीय, आणि पार्किंगचं काम आत्ता काढलंय म्हणून वायरिंग आत्ताच उरकून घ्यावं असा विचार आहे. इलेक्ट्रिशियनने ७.२ किलोवॅटचे दोन चार्जर आणि थ्री फेज मिळून १ लाख १० हजार सांगितलेत, सोलरवाल्याने ५ किलोवॅटचे ३ लाख. प्रश्न असा की दोन चार्जर बसवू का एक, आणि सोलर किती घेऊ.

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "डाऊन पेमेंटची काळजी नाही, आईचे ४ लाख बँकेने एफडीपेक्षा चांगल्या स्कीममध्ये टाकलेत, ८ टक्के गॅरंटी आहे, वर विमा फुकट, वर्ष झालं की मोडून गाडीला वापरू." सोबत त्या स्कीमच्या कागदांचे फोटो.

दादा, चार्जरचं खाली सांगतो. आधी त्या फोटोतलं दुसरं पान काढा आणि मधला तक्ता बघा. तिथे लिहिलंय, हप्ता ४,००,०००, हप्त्याचा प्रकार वार्षिक, हप्ता भरण्याची मुदत ७ वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं. ही एफडी नाही, ही विमा पॉलिसी आहे. विमा तुमच्या जिवाचा, पण पॉलिसी घेणारी आणि हप्ता भरणारी तुमची ७१ वर्षांची आई. पुढच्या वर्षी याच तारखेला परत ४ लाख भरायचेत, त्याच्या पुढच्या वर्षी परत ४, असे एकूण २८ लाख. आईंची फॅमिली पेन्शन तुम्हीच लिहिलीय, महिना १७ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख. वर्षाला २ लाख मिळवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वर्षाला ४ लाखांचा हप्ता विकलाय आणि "एफडी रिन्यू करतोय" म्हणून सही घेतलीय. माझ्या टेबलावर असे कागद इतक्यांदा आलेत की मला पान उलटायच्या आधीच कळतं, आणि तरी प्रत्येक वेळी तितकाच संताप होतो.

८ टक्क्यांचंही बघून घेऊ. सात वर्षांत २८ लाख भरायचे, १५ व्या वर्षाच्या शेवटी ४२ लाख मिळणार असं कागदावर आहे. पहिला हप्ता १५ वर्षं अडकतो, सातवा ९ वर्षं, म्हणजे सरासरी १२ वर्षं. १२ वर्षांत पैसे दीडपट. हे जेमतेम साडेतीन टक्के होतात. आणि तेव्हा आई ८६ वर्षांच्या असतील. वर्षाने मोडायला गेलात तर ४ लाख ३२ हजार तर सोडाच, भरलेले ४ लाखसुद्धा पूर्ण येणार नाहीत, मोठा तुकडा कापून उरलेलं हातावर ठेवतील. म्हणजे ज्या डाऊन पेमेंटवर तुमचा सगळा प्लॅन उभा आहे ते पैसेच तिथे नाहीत.

आता चांगली गोष्ट. पॉलिसीचं बुक तुमच्याकडे ३ तारखेला पोस्टाने आलं असं तुम्ही लिहिलंय, आज २४ आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूक पिरियड असतो, त्यात अटी पटल्या नाहीत म्हणून ती परत करता येते आणि स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा थोडा पैसा कापून बाकी सगळे परत मिळतात. २१ दिवस गेले, ९ राहिले. ईमेलवर पॉलिसी आधीच येऊन पडली असेल तर दिवस तिथून मोजले जातील, म्हणून नवव्या दिवसाची वाट बघू नका, उद्याच करा.

अर्ज आईंच्या नावाने आणि आईंच्या सहीने जाणार, तुमच्या नाही, कारण पॉलिसी त्यांची आहे. अर्जात पॉलिसी नंबर, मिळाल्याची तारीख, फ्री-लूकमध्ये रद्द करायची आहे हे स्पष्ट शब्दांत, आणि कारण म्हणून "मला ही एकरकमी ठेव म्हणून सांगितली, दरवर्षी हप्ता आहे हे सांगितलं नाही, दरवर्षी ४ लाख भरण्याइतकं माझं उत्पन्न नाही" एवढं पुरे. सोबत कॅन्सल चेक आणि पोस्टाचं पाकीट, त्यावरच्या शिक्क्याची तारीख दिसली पाहिजे. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नाही. बँकेतला माणूस गोड बोलून "साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या" करत ९ दिवस काढेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका, आणि त्याच संध्याकाळी तोच अर्ज कंपनीला ईमेलही करा. पॉलिसी देताना कंपनीने केलेल्या व्हेरिफिकेशन कॉलवर आईंनी "हो हो" म्हटलंय याची भीती दाखवतील, फ्री-लूकला त्याचा काही संबंध नाही. तरी अडवलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, मग पुण्याला विमा लोकपाल आहेत, तिथे फी लागत नाही. पण वेळेत अर्ज दिला तर तिथवर जायची वेळ बहुतेक येणार नाही.

पैसे परत आले की ते गाडीला लावू नका. हे मी आग्रहाने सांगतोय. ते आईंचे आहेत. पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटीझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका, सध्या ८.२ टक्के आहे, ४ लाखांवर दर तीन महिन्यांना ८,२०० रुपये त्यांच्या खात्यात येतील. जे ८ टक्के तुम्हाला सांगितले ते खरे इथे आहेत. आईंचा आरोग्य विमा नाही असं लिहिलंय, त्या सत्तरीच्या पुढे आहेत म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघेल, वर्षाला ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही, मिरजेतलं कुठलं हॉस्पिटल त्यात येतं ते बघून ठेवा. आणि तुमच्यासाठी साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या, युनिटवर कर्ज आहे तुमच्या, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही.

आता गाडी. तुम्ही लिहिलंय की ईएमआय पेट्रोलच्या बचतीतून सुटेल आणि ईव्हीला किलोमीटरला रुपया लागतो. वहिनींचे महिन्याचे १,३०० किलोमीटर, वॅगनआरला १८ चं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोल साडेसात हजारांचं. ईव्हीला त्याच अंतराला चार्जिंगमधली गळती धरून २०५ युनिट. पण स्वतःची गाडी घरी चार्ज केली की महावितरण घरचाच दर लावतं, म्हणजे स्लॅब चढतात. तुमचं घर आणि नेक्सॉन मिळून आत्ताच २६० युनिट आहे, नवीन युनिटं बहुतेक ३०० च्या वर पडणार, तिथे वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १६ रुपयांच्या आसपास जातं. सव्वातीन हजार झाले, किलोमीटरला अडीच रुपये. बचत महिना सव्वाचार हजार. ७ लाखांच्या कर्जाचा ५ वर्षांचा ईएमआय साडेचौदा हजार. वरचे १० हजार कुठून आणणार? आणि शोरूमवाल्याने सांगितलेली व्याजावरची दीड लाखांची टॅक्स सूट फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती. आज कर्ज काढणाऱ्याला ती मिळत नाही, आणि तरी ती अजून सांगून गाड्या विकतात.

मला एक कळत नाही, रोज ५० किलोमीटर जाणारं माणूस पेट्रोलवर आणि २० जाणारं ईव्हीवर, हे का? नेक्सॉन वहिनींना द्या, वॅगनआर तुम्ही घ्या. तासगाव जाऊन-येऊन नेक्सॉनला आरामात झेपतं, एक दिवस चार्जिंग विसरलं तरी झेपतं. पेट्रोल साडेसात हजारांवरून ३ हजारांवर येतं, वाढीव लाईट बिल वजा केलं तरी महिना अडीच हजार वाचतात, एक रुपया न गुंतवता. दोन वर्षं असंच चालवा, वॅगनआर थकली की दुसरी ईव्ही बघू.

सोलर मात्र घ्या, पण ५ नको, ३ किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजार, ५ ला पण तेवढीच, "मोठ्याला जास्त मिळते" हे खोटं आहे. १ किलोवॅटला महिना सरासरी १२० युनिट, पावसाळ्यात कमी, म्हणजे ३ ला साधारण ३५०. सबसिडी जाऊन सव्वा लाखाच्या आत बसायला हवं, आणि घर अधिक नेक्सॉन मिळून तुमचं होणार ३८५, महागडे स्लॅब सगळे पुसले जातात. महिना ४ हजारांच्या वर वाचतात, अडीच वर्षांत वसूल. हे तुमच्या स्वतःच्या अडीच लाखांच्या एफडीतून करा.

राहिला चार्जर. पुढेमागे दोन गाड्या झाल्या तरी रोजचे ७० किलोमीटर म्हणजे ११ युनिट. गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरचा चार्जर तासाला ३ युनिट भरतो, दोन्ही गाड्या मिळून ४ तास. रात्री दहाला एक लावली, झोपताना दुसरी, किंवा तुमची दोन दिवसाआड. ७.२ चे दोन एकदम चालले तर १४ किलोवॅट ओढतील, म्हणून तो थ्री फेज सांगतोय, पण तुम्हाला त्याची गरजच नाही. शिवाय गाडीच्या आतला चार्जर ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ लावून गाडी जास्त घेत नाही.

पण सध्या वॉशिंग मशीनच्या बोर्डावर लावताय आणि सकाळी प्लग हाताला गरम लागतो असं लिहिलंय, ते आजपासून बंद. तास न् तास १५ अँपिअर ओढायला तो सॉकेट केलेला नसतो, आत टर्मिनल जळून काळं झालेलं असणार. मीटरपासून वेगळी लाईन घ्या, प्रत्येक पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायच्या आत तोडणारा) आणि नीट अर्थिंग. दोन पॉइंट करून ठेवा, १५ हजारांत होईल, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या.

आणि तुमच्या पार्किंगच्या फोटोत भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ दिसतेय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हाची, तिच्या खाली दोन फुटांवर इलेक्ट्रिशियनने खडूने चौकोन आखलाय. तिथे नको. पॉइंट रेघेच्या वर घ्या, एमसीबी बॉक्स पहिल्या मजल्यावर. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की गाडी त्याच रात्री फुल चार्ज करून विश्रामबागेत तुमच्या मेव्हण्यांकडे, कारण पाणी चढायला लागलं की लाईट आधी बंद करतात. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी ठेवू नका.

तो गरम प्लग आजच बंद, बाकी हे सगळं पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल. उद्या सकाळी आईंना घेऊन फक्त विमा कंपनीची शाखा, आणि शिक्का मारलेल्या पोचेचा फोटो मला पाठवा.