शेपूट लावू नकोस

तुझ्या एकांकिकेत माणसाचं जनावर होतं म्हणालास, म्हणून लिहितोय. मुखवटा, शेपूट, केसाळ अंगरखा, सगळं आत्ताच बाजूला ठेव. काफ्काने १९१५ साली ‘मेटामॉर्फोसिस’ या माणसाचा किडा होण्याच्या कथेच्या प्रकाशकाला बजावलं होतं, मुखपृष्ठावर तो किडा काढू नका. अगदी लांबूनही दाखवू नका.

आयोनेस्कोचं ‘ऱ्हायनोसेरॉस’ (१९५९) हे माणसांचे गेंडे होण्याचं नाटक वाच, विशेषतः जाँ हे पात्र गेंडा होतं तो प्रवेश. तो सारखा न्हाणीघरात जातो नि बाहेर येतो. दर खेपेला कपाळावरचं टेंगूळ वाढलेलं, कातडी जास्त हिरवी, आवाज आणखी घोगरा. मात्र मित्राशी भांडण चालूच, तेही माणसासारखं मुद्दे मांडत! खरी भीती त्या मुद्द्यांची वाटते. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत, जिथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, ही युक्ती सोन्यासारखी आहे: बदल विंगेत, परिणाम उजेडात.

कर्नाडांचं ‘हयवदन’ तर हवंच. घोड्याच्या तोंडाच्या त्या माणसाला पूर्ण व्हायचंय, तर देवी त्याला पूर्ण घोडाच करते. आवाज तेवढा माणसाचा उरतो; तोही शेवटी हसता हसता खिंकाळीत विरतो. म्हणजे सीमारेषा गळ्यात आहे, चेहऱ्यावर नाही.

पंचतंत्र तूर्त सोड. तिथली जनावरं म्हणजे वेषांतर केलेले कारभारी.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाशील तेव्हा माकडांपाशी रेंगाळू नकोस, त्यांची नक्कल सगळेच करतात. पेठेतलं झोपलेलं कुत्रं बघ: आधी कान उठतो, मग डोळा, अंग सगळ्यात शेवटी. हा क्रम तुझ्या नटाला दे आणि पहिले आठ दिवस संवाद देऊच नकोस.