जुन्या कार्बोरेटर गाडीच्या कंप्युटरवर घरगुती फ्युएल इंजेक्शन चालेल का?

प्रश्न असा आहे: १९८० च्या दशकातल्या अमेरिकन कार्बोरेटर गाडीचा कंप्युटर हाती लागला आहे, त्यावरच इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी विजेवरची तोटी) जोडून जुन्या मारुती ८०० ला इंजेक्शन बसवता येईल का?

इंजेक्टर टकटक करेल, पण गाडी चालणार नाही. नागपुरात हिंगणा रोडवर आमच्या अंगणात मी आणि माझ्या मावसभावाने नेमकं हेच करून पाहिलं आहे. त्यावरून आमचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, नागपूरजवळच्या वाडीला त्याचं गॅरेज. कार्बोरेटर नुसत्या कानाने लावणारा माणूस, त्या बाबतीत मी त्याच्या पायाशी बसतो. मी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. त्याच्या एका मित्राने अमेरिकेतल्या भंगारातून चार सिलिंडरच्या गाडीचा कंप्युटर, वायरिंग आणि सेन्सर बॅगेत घालून आणले. दादाचा हिशेब सरळ होता: "अबे, हा डब्बा सोलेनॉइडले पल्स देते. इंजेक्टरले बी पल्सच लागते. मंग अडचण कायची?" (सोलेनॉइड म्हणजे कार्बोरेटरमधला, करंटने हलणारा खटका.)

कार्बोरेटर उतरवला, त्या जागी एका इंजेक्टरची थ्रॉटल बॉडी बसवली. इंजेक्टर बाइकचा. पंप एमपीएफआय, म्हणजे कारखान्यातूनच इंजेक्शन असलेल्या, ८०० चा, टाकीला रिटर्न लाइन, सायलेन्सरच्या पाइपला नट वेल्ड करून धुरातला ऑक्सिजन बघणारा सेन्सर. इग्निशन कॉइलवरून आरपीएमचा सिग्नल मी बनवून दिला. तीनच सिलिंडर असल्याने कंप्युटरला खऱ्याच्या पाऊणपटच आरपीएम दिसत होता, पण तेवढ्यावर तो जागा होत होता. दादाने प्रेशर रेग्युलेटर फिरवत, कान लावून, दोन-अडीच हजारावर इंजिन धरलं. मे महिना, दुपारचे बारा, पारा पंचेचाळीसच्या आसपास. इंजिन चाललं! मावशी पाणी घेऊन बाहेर आली, शेजारचे गोळा झाले. तीन मिनिटं ते इतकं छान चाललं की मलाही वाटलं, आपणच चुकीचे.

मग आवाज जड झाला, काळा धूर आला आणि इंजिन बसलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच गत. तासाभरात प्लग काळे-ओले झाले आणि डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला. दादाने निकाल दिला: "इंजेक्टर डुप्लिकेट हाय तुहा." नागपूरच्या बर्डी बाजारातून इंजेक्टर मी आणला होता, म्हणून.

इंजेक्टर उत्तम होता. मी मीटर लावून पाहिलं. इंजिन सुरू होताना ड्यूटी, म्हणजे एकूण वेळेपैकी करंट चालू असण्याचा वाटा, पन्नास टक्क्यांच्या जवळ स्थिर होती. ऑक्सिजन सेन्सर तापला, कंप्युटर त्याचं ऐकायला लागला, तशी ती चढत नव्वदीला गेली. धूर जितका काळा, तितकी ड्यूटी जास्त.

कारण साधं आहे. जनरल मोटर्सने १९८१ पासून वापरलेल्या पद्धतीत कार्बोरेटरमधल्या सोलेनॉइडला करंट मिळाला की तो मेन जेटची, म्हणजे पेट्रोल येण्याच्या मुख्य भोकाची, वाट आवळतो. म्हणजे करंट जास्त तर पेट्रोल कमी. इंजेक्टरचं उलटं, करंट मिळेल तेवढा वेळ तो उघडा. सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे मिश्रण रिच झालं, त्यात पेट्रोल जास्त झालं, की कंप्युटर पेट्रोल कमी करायला ड्यूटी वाढवतो आणि इंजेक्टर आणखी पेट्रोल ओततो. पहिली तीन मिनिटं चाललं ते सेन्सर थंड होता म्हणून.

मग मी एका ट्रान्झिस्टरने सिग्नल उलटा करून दिला. एवढं दादाच्या बाजूने सांगायलाच हवं की त्यानंतर अडीच हजारावर इंजिन सुरेख धरलं, धूर नाही, सेन्सर नीट खालीवर. "पाह्य, डब्ब्यात दम हाय," दादा म्हणाला. गाडी रस्त्यावर काढली आणि फाटकापासून शंभर पावलांवर ती धक्के देत मेली.

तो सोलेनॉइड सेकंदाला दहाच वेळा हलतो, आरपीएम काहीही असो. ८०० च्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला ७५ इनटेक स्ट्रोक (हवा-पेट्रोल आत ओढणारे) होतात. निम्म्या ड्यूटीला पन्नास मिलिसेकंद पेट्रोल आणि पन्नास मिलिसेकंद कोरडं, म्हणजे तीन-चार स्ट्रोक ओले, पुढचे तीन-चार उपाशी. कार्बोरेटरमध्ये हे खपतं, कारण तिथे जेट आणि त्यापुढच्या मेन वेल नावाच्या पोकळीतलं पेट्रोल तो धक्का पिऊन टाकतं.

याहून मोठी गोष्ट दादाला आजवर पटलेली नाही. त्या कंप्युटरने पेट्रोल कधी मोजलंच नाही. मोजमाप कार्बोरेटरचा व्हेंच्युरी, म्हणजे हवेच्या वाटेतला अरुंद गळा, करायचा. हवा जास्त गेली की पेट्रोल आपोआप जास्त खेचलं जायचं, कंप्युटर फक्त मीठ चाखून कमी-जास्त करायचा. तुम्ही स्वयंपाकीच काढून टाकलात आणि चाखणाऱ्याला चुलीपुढे बसवलंत. ८०० ला आयडलवर ताशी पाऊण लिटर लागतं, पूर्ण जोरात दहा-अकरा लिटर, म्हणजे जवळपास पंधरापट फरक. दहा ते नव्वद टक्क्यांच्या ड्यूटीत नऊपटच मिळतो, तोही सेन्सरच्या मागे धावत, सावकाश.

शेवटी मी अर्दुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो हा इंजेक्शनचा कंट्रोलर बोर्ड घेतला आणि इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर लावला. दहा आठवडे रविवारी-रविवारी कुठल्या दाबाला, कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल याचं टेबल भरत बसलो. गाडी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला नेली. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी पडतो आणि साधा कार्बोरेटर तिथे रिच होतो. एमएपी दाब थेट मोजतो, म्हणून आमची गाडी वर जाईस्तोवर कुठे गुदमरली नाही. दादा शेजारच्या सीटवर होता. परतताना म्हणाला, "डब्बाच नीट जोडला असता तं एवढा खर्च लागला नसता." लग्नाकार्यात आजही हेच सांगतो.

तेव्हा कंट्रोलर नवा घ्या. जुन्या सामानातला शीतक-तापमानाचा सेन्सर, थ्रॉटल पोझिशन सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, कनेक्टर आणि अ‍ॅल्युमिनियमचा बाहेरचा डबा मात्र फेकू नका, सगळं नव्या बोर्डाला चालतं. एकाच इंजेक्टरवर भागवायचं असेल तर तीन बारला मिनिटाला २३०-२५० सीसी देणारा, बारा ओहमच्या वरचा घ्या. बाइकच्या इंजेक्टरला पूर्ण जोर झेपत नाही.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. कार्बोरेटरचा रबरी पाइप इंजेक्शनच्या प्रेशरला फाटतो, तेव्हा पाइप आणि क्लॅम्प इंजेक्शनचेच. इंजिन बंद पडलं की पंप बंद करणारा रिले हवाच आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आम्ही काढली, ते चूक होतं. तुम्ही बंद आवारात चालवा.

तरीही जुन्याच डब्यावर करायचं मनात असेल, तर इंजेक्टर जोडायच्या आधी एक करा. डब्याला इंजिन चालू आणि गरम आहे असं भासवा, सेलवरून पोटेन्शिओमीटरने ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला ०.८ व्होल्ट द्या आणि सोलेनॉइडची ड्यूटी कुठे जाते ते मीटरवर बघा. आकडा इथे नक्की लिहा. मला तो दादाला दाखवायचा आहे.