पोरीला सरकारी वकील व्हायचंय, आणि बाबांना टीव्ही बघून धडकी भरलीय

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूरकडचं गाव, लेक सेकंड पीयूसीला (म्हणजे बारावीला), दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि आता तिनं सरकारी वकील व्हायचं डोक्यात घेतलंय. तुम्ही टीव्हीवर एका पुढाऱ्याच्या चौकशीत सरकारी वकिलावरच दोन्ही पार्ट्या तुटून पडलेल्या बघितल्या आणि लिहिलंत, "इमानदारीनं नोकरी करायची आणि सरकार बदललं की चोर ठरायचं, त्यापेक्षा बँकेची परीक्षा देऊ दे."

भीती खोटी नाही. खरं तुम्ही दोन वेगळ्या खुर्च्या एकच समजायला लागलाय. एक एपीपी (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर, सहायक सरकारी वकील), म्हणजे परीक्षा देऊन लागलेला, पगारी, बदली होणारा, मॅजिस्ट्रेट कोर्टात रोज उभा राहणारा. त्याचं काम म्हणजे चोरी, मटका, मारामारी, बांधावरून डोकं फोडलेलं, बाइकचा अॅक्सिडेंट. दुसरा स्पेशल पीपी, म्हणजे विशेष सरकारी वकील, दहा वर्षं तरी प्रॅक्टिस झालेला वकील, एखाद्या केससाठी सरकारनं मुद्दाम नेमलेला. टीव्हीवर दिसतो तो बहुतेक हाच, कारण त्याला नेमणारं सरकार आणि काढणारं पण सरकारच.

आपल्याच राज्यातलं बघा की. जयललितांची बेहिशेबी मालमत्तेची केस सुप्रीम कोर्टानं 2003 ला तमिळनाडूतून बेंगळूरला पाठवली, कारण तिथं त्यांचंच सरकार होतं. इथं बी. व्ही. आचार्य स्पेशल पीपी होते. 2012 च्या फेब्रुवारीत त्यांनी राज्याचं अॅडव्होकेट जनरलपद (राज्य सरकारच्या सगळ्यात मोठ्या वकिलाची जागा) सोडलं आणि केस ठेवली. म्हणजे मोठी खुर्ची सोडून डोकेदुखी ठेवली, असं कोण करतं सांगा! खरं ऑगस्टमध्ये तीही सोडली. पुढं खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, तिच्यावरच्या हायकोर्टातल्या अपिलात उभा राहिलेला सरकारी वकील तमिळनाडूनं नेमलेला होता, आणि एप्रिल 2015 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती नेमणूकच बेकायदा, नेमायचा हक्क फक्त कर्नाटकाचा. मग कर्नाटकानं परत नेमलेल्या आचार्यांनी घाईघाईनं लेखी म्हणणं दिलं, मे महिन्यात हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं, आणि फेब्रुवारी 2017 ला सुप्रीम कोर्टानं खालच्या कोर्टाची शिक्षा परत कायम केली, तोवर जयललिता वारल्या होत्या. एवढा सगळा घोळ, आणि त्यातला मोठा भाग फक्त सरकारी वकील कोण आणि त्याला नेमलं कुणी, यावरचा.

मुंबईच्या रोहिणी सालियन यांचं पण तुमच्या कानावर असेल. 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या केसमध्ये त्या स्पेशल पीपी होत्या, 2015 ला त्यांनी उघड सांगितलं की तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यानं नरमाईनं घ्या म्हणून निरोप दिला. त्या केसमधले सातही आरोपी 2025 च्या जुलैत सुटले. निकालावर मी काही बोलत नाही, खरं आयुष्य फौजदारी कोर्टात घालवलेल्या बाईंनी ते बोलायचं ठरवलं त्या आदल्या रात्री त्यांना झोप लागली असेल का, हे माझ्या मनात येतं.

आता साध्या एपीपीला धोका कुठं आहे ते सांगते, कारण धोका नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे केस मागं घेताना. फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात (आता बीएनएसएस, कलम 360, आधी जुन्या सीआरपीसीत 321 होतं) लिहिलंय की केस मागं घ्यायचा अर्ज सरकारी वकील करतो आणि कोर्टाची परवानगी लागते. सरकार सांगतं, सही मात्र याची. सुप्रीम कोर्ट सारखं बजावत आलंय की वकिलानं स्वतःचं डोकं वापरून ठरवायचं, सरकारचा टपालवाला व्हायचं नाही, आणि ऑगस्ट 2021 पासून आमदार-खासदारांवरची केस हायकोर्टाला विचारल्याशिवाय मागं घेताच येत नाही.

माझ्या ओळखीच्या एक एपीपी मॅडम आहेत. त्यांना वरून फोन आला की त्या "हो सर" म्हणतात, फोन ठेवतात, आणि लगेच एक ओळीचं पत्र पाठवतात, "आपण आज सकाळी फोनवर सांगितल्याप्रमाणे, कृपया लेखी कळवावे." निम्म्या वेळा उत्तरच येत नाही म्हणे, आणि विषय तिथंच मिटतो. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग, बाजूला जेवणाचा डबा, आणि कव्हर फाटलेली आवक-जावक वही. कपाटाला कुलूप असतं ते त्या वहीसाठी.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, खरं तुमच्या मनात असणार. एक नोव्हेंबरला, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत आपल्या पोरांवर केसेस होतात, उद्या ती फाइल हिच्यापुढं आली तर? येऊ शकते. गावातले म्हणतील आपल्यावरच उलटली, पलीकडचे म्हणतील मराठी आहे, सोडणारच. तिनं पुरावा बघायचा आणि बोलायचं. पुरावा नसेल तर तसं कागदावर लिहायची पण तिला मुभा आहे, कारण सरकारी वकील पोलिसांचा वकील नव्हे. हे तिला आत्ताच विचारा, जमेल का म्हणून. हे जमत नसेल तर खरंच बँक बरी.

आणि कन्नड! पंचनामा, जबाब, चार्जशीट सगळं कन्नडमध्ये असतं, साक्षीदार फिरला तर त्याचा आधीचा जबाब तिथल्या तिथं वाचून त्याला कोंडीत पकडावं लागतं, तेव्हा शेजारच्याला अर्थ विचारत बसता येत नाही. बाजारात बोलतो तेवढं कन्नड पुरत नाही. आजपासून रोज कन्नड पेपरचं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. लाज वाटेल, वाटू दे.

बाकी रस्ता तुम्हाला माहितीच आहे, बेळगावातच लॉ कॉलेजं आहेत, पाच वर्षांचा कोर्स, मग बार काउन्सिलची परीक्षा, मग एखाद्या फौजदारी वकिलाकडं दोन-चार वर्षं नुसत्या तारखा घेत फिरायचं. एपीपीची जाहिरात निघाली की वयाची आणि अनुभवाची अट त्यातच बघा, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

पुढच्या सोमवारी दुकान पोराकडं द्या आणि तिला घेऊन बेळगावच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा, कोणी अडवत नाही. तिला सरकारी वकिलाकडंच बघायला सांगा, जज्जकडं नको. डबा बरोबर न्या, पुकारा कधी दुपारपर्यंत होत नाही.